पंचवीस-तीस कोटींच्या दोन ब्रिटिश गाड्या: एकीच्या मागे पंखा, दुसरीला मागची काचच नाही!

मिस्टर बीनची गाडी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती हिरवट-पिवळी मिनी, दाराला बाहेरून कुलूप लावलेली. पण मिस्टर बीन साकारणाऱ्या रोवन अ‍ॅटकिन्सनकडे खऱ्या आयुष्यात एक वेगळीच गाडी होती, मॅकलॅरन एफ-वन. १९९७ मध्ये त्याने ती पाच-सहा लाख पौंडांना घेतली आणि चक्क वापरली. गॅरेजमध्ये झाकून न ठेवता तब्बल ४१,००० मैल, म्हणजे जवळजवळ ६६,००० किलोमीटर चालवली. २०११ मध्ये ती झाडावर आदळली. दुरुस्तीसाठी विमा कंपनीला नऊ लाख पौंडांच्या आसपास मोजावे लागले, म्हणजे गाडीच्या मूळ किमतीपेक्षा जास्त! आणि एवढं सगळं होऊन २०१५ मध्ये तीच ठोकलेली, दुरुस्त केलेली, भरपूर पळालेली गाडी सुमारे ८० लाख पौंडांना विकली गेली.

ही गाडी ज्याने बनवली त्याचं नाव गॉर्डन मरे. मॅकलॅरन एफ-वननंतर जवळपास तीस वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये, त्याने तिची खरी वारसदार जगासमोर आणली. ती म्हणजे टी.५०. त्याच सुमारास ब्रिटनमध्येच दुसरी एक अचाट गाडी आकार घेत होती, अ‍ॅस्टन मार्टिन व्हॅल्कायरी. रील्समध्ये या दोघींचा आवाज तुम्ही नक्कीच ऐकला असेल. किंमत जवळपास सारखी, दोघींच्या पोटात व्ही-१२ इंजिन, दोघीही कार्बन फायबरच्या. आणि तरीही या दोन गाड्या एकमेकींपासून इतक्या लांब आहेत की विचारू नका.

दोघेही फॉर्म्युला वनचे, पण...

गॉर्डन मरे मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा. १९६९ मध्ये तो इंग्लंडला आला आणि ब्रॅबम संघात शिरला. नेल्सन पिकेने १९८१ आणि १९८३ मध्ये ज्या गाड्यांवर विश्वविजेतेपद मिळवलं, त्या मरेच्या होत्या. पुढे मॅकलॅरनमध्ये गेल्यावर त्याने रस्त्यावर चालणारी एफ-वन केली. टी.५० या नावातले ५० म्हणजे त्याच्या कामाची पन्नास वर्षं आणि त्याने डिझाइन केलेली पन्नासावी गाडी.

व्हॅल्कायरीमागचं डोकं एड्रियन न्यूई याचं. विल्यम्स, मॅकलॅरन आणि रेड बुल अशा तीन वेगवेगळ्या संघांना त्याच्या गाड्यांनी विजेतेपदं मिळवून दिली. संगणकाच्या जमान्यातही हा माणूस ड्रॉइंग बोर्डवर पेन्सिलने रेघोट्या ओढतो. २०१६ मध्ये अ‍ॅस्टन मार्टिन आणि रेड बुल यांनी एकत्र येऊन एक गाडी जाहीर केली. तेव्हा तिचं नाव होतं एएम-आरबी ००१. 'व्हॅल्कायरी' हे बारसं २०१७ मध्ये झालं.

आता या दोघांत फरक काय? न्यूईचा प्रश्न असा होता: नंबर प्लेट लावता येईल अशी गाडी ट्रॅकवर किती वेगाने फिरू शकते? मरेचा प्रश्न वेगळा होता: चालवणाऱ्याला सगळ्यात जास्त मजा देणारी गाडी कशी असेल? टॉप स्पीड आणि शून्य ते शंभरच्या शर्यतीत आपल्याला रस नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं होतं. बाकी सगळं या दोन प्रश्नांतून निघालं आहे.

इंजिन मात्र एकाच घरचं

गंमत अशी की दोन्ही गाड्यांची इंजिनं बनवली ती एकाच कंपनीने, इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनच्या कॉसवर्थने. दोन्ही व्ही-१२ आणि दोन्ही बिनटर्बोची.

बिनटर्बो म्हणजे काय? आजकालच्या बहुतेक महागड्या वेगवान गाड्यांमध्ये टर्बोचार्जर असतो. तो इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबतो, त्यामुळे छोट्या इंजिनातूनही भरपूर ताकद मिळते. पण त्यात आवाज दबतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबणं आणि गाडीने उसळी घेणं यांत किंचित फट पडते. बिनटर्बोचं इंजिन स्वतःच्या दमाने श्वास घेतं. त्यातून जास्त ताकद काढायची तर ते जास्त वेगाने फिरवावं लागतं. आणि इथेच कॉसवर्थची कसोटी लागली.

आपल्या साध्या पेट्रोल गाडीचा काटा मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेऱ्यांना लाल पट्ट्यात जातो. व्हॅल्कायरीचं ६.५ लिटरचं इंजिन ११,१०० फेऱ्यांपर्यंत जातं. टी.५० चं इंजिन त्याहून लहान, जेमतेम चार लिटरचं, पण ते जातं थेट १२,१०० पर्यंत. म्हणजे सेकंदाला दोनशेहून जास्त फेऱ्या! इतक्या वेगात आतला प्रत्येक तुकडा हलका आणि तितकाच मजबूत असावा लागतो. व्हॅल्कायरीचा क्रँकशाफ्ट एका भरीव पोलादी दांड्यातून कोरून काढतात आणि कोरताना त्या दांड्याचा सुमारे ८० टक्के भाग भुसा होऊन जातो. मूर्तिकार जसा दगडातला नको तो भाग काढून टाकतो, तसाच प्रकार.

दुसरी अडचण होती धुराची. बारा सिलिंडरचं, एवढ्या वेगाने फिरणारं इंजिन आजच्या प्रदूषणाच्या नियमात बसवायचं कसं? कॉसवर्थने आधी पूर्ण इंजिन बनवलंच नाही. फक्त तीन सिलिंडरचं, म्हणजे एक चतुर्थांश इंजिन बनवलं, त्यावर ताकद आणि धूर या दोन्हींचं गणित जुळवलं, आणि मग त्याचे चौपट केले.

ताकदीत व्हॅल्कायरी सरळसरळ पुढे आहे. नुसतं पेट्रोल इंजिनच हजार हॉर्सपॉवर देतं. वर क्रोएशियाच्या रिमॅक कंपनीच्या बॅटरीवर चालणारी इलेक्ट्रिक मोटर आहे, ती धरून आकडा साडेअकराशेच्या आसपास जातो. टी.५० साडेसहाशेच्या जरा वर थांबते आणि तिच्यात चाकांना ढकलणारी इलेक्ट्रिक मोटर नाहीच. कागदावर पाहिलं तर ती निम्मी वाटेल.

पण वजन बघा. टी.५० भरते एक टनाच्या आसपास, कंपनीच्या आकड्यांनुसार त्याहून किंचित कमीच. हे साधारण आपल्याकडच्या स्विफ्टच्या घरातलं वजन झालं आणि ताकद तिच्या आठपट! तिचं अख्खं इंजिन १७८ किलोचं, व्हॅल्कायरीचं २०६ किलोचं. व्हॅल्कायरीत किलोमागे एक हॉर्सपॉवर असं स्वप्न होतं, पण तयार गाडी बाराशे किलोच्या पुढे गेली. अर्थात वजन वाचवायचा ध्यास तिथेही कमी नव्हता. नाकावरचा अ‍ॅस्टनचा बिल्लासुद्धा नेहमीचा न लावता केसाहून पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा लावला आहे!

हवा कुणाची नोकर?

वेगात धावणाऱ्या गाडीखालून हवा जोरात वाहते आणि तिथला दाब कमी होतो. मग वरची हवा गाडीला जमिनीवर दाबून धरते. याला डाउनफोर्स म्हणतात. जितका डाउनफोर्स जास्त, तितकी वळणावर पकड जास्त. दोन्ही गाड्यांना हेच हवं होतं, वाटा मात्र वेगळ्या.

न्यूईने व्हॅल्कायरीच्या पोटातून दोन प्रचंड बोगदे काढले. केबिनच्या दोन्ही बाजूंनी हवा पुढून शिरते, खालून निसटते आणि मागून बाहेर पडते. गाडीकडे नीट पाहिलं तर तिच्या अंगात चक्क आरपार जागा दिसते. या बोगद्यांमुळे ट्रॅकवर वेगात असताना एक टनाहून जास्त दाब तयार होतो. मात्र त्याची किंमत आत बसणाऱ्यांनी मोजायची. बोगद्यांना जागा दिल्यावर माणसांसाठी उरला तो मधला थेंबाच्या आकाराचा चिंचोळा कप्पा.

मरेची वाट जुन्या भांडणातून आली आहे. १९७८ मध्ये त्याने ब्रॅबमसाठी एक गाडी केली होती, बीटी४६बी. तिच्या मागे भलामोठा पंखा होता. सांगायला तो इंजिन थंड करायचा, पण खरं काम होतं गाडीखालची हवा ओढून घेण्याचं. स्वीडिश ग्रांप्रीत निकी लाउडाने त्या गाडीवर अर्ध्या मिनिटाहून मोठ्या फरकाने शर्यत मारली. बाकीचे संघ इतके भडकले की गाडी त्या एका शर्यतीनंतर मागेच घ्यावी लागली.

टी.५० च्या पाठीवर जो ४०० मिलिमीटरचा पंखा दिसतो, तो त्याच कल्पनेचा शहाणा झालेला नातू म्हणायला हरकत नाही. लोकांना वाटतं की हा पंखा गाडीला व्हॅक्यूम क्लीनरसारखा जमिनीला चिकटवतो. तसं नाही. गाडीच्या मागच्या बाजूला तळ वर उचललेला असतो, त्याला डिफ्यूझर म्हणतात. तो फार उभा केला तर हवा त्याला धरून राहत नाही, सुटते आणि गोंधळ घालते. मरेचा पंखा पृष्ठभागाजवळची ती मंद, आळशी हवा शोषून घेतो, त्यामुळे उरलेली हवा उभ्या चढालाही चिकटून वाहते. गरज असेल तेव्हा डाउनफोर्स ५० टक्क्यांनी वाढवता येतो. आणि सरळ रस्त्यावर तोच पंखा हवेचा विरोध कमी करण्याच्या कामी येतो. ताशी २४० किलोमीटरवरून जोरात ब्रेक मारला तर गाडी सुमारे १० मीटर आधी थांबते, असं कंपनी सांगते. दहा मीटर म्हणजे सलग उभ्या दोन मोठ्या गाड्यांएवढं अंतर.

पंख्यामुळे वर मोठमोठे पंख लावावे लागले नाहीत. म्हणून टी.५० दिसायला साधी वाटते. काहींना तर फारच साधी. पंचवीस कोटींहून जास्त मोजून शेजाऱ्याने मान वळवूनही पाहू नये, हे सगळ्यांना परवडणारं नाही!

आत बसल्यावर

व्हॅल्कायरीत बसणं म्हणजे फॉर्म्युला वनच्या गाडीत बसणं. पाय कमरेपेक्षा वर, पाठ मागे रेललेली. सीट मागे-पुढे होत नाही, ती गाडीच्या सांगाड्याचाच भाग. हलतात ती पेडल आणि स्टीअरिंग, आणि उतरताना स्टीअरिंग चक्क काढून ठेवायचं. मागची काच नाही, आरसे नाहीत, त्यांच्या जागी कॅमेरे आणि पडदे. इंजिन थेट सांगाड्याला पक्कं बांधलेलं असल्याने त्याचा प्रत्येक हादरा अंगात उतरतो. आवाज इतका की आत बसणाऱ्यांना कानाला हेडसेट लावून बोलावं लागतं. सात गिअर, पण क्लचचं पेडल नाही. गिअर स्टीअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदलायचे. रिव्हर्सचं काम इलेक्ट्रिक मोटर करते.

टी.५० मध्ये ड्रायव्हर मधोमध बसतो आणि दोन पाहुणे त्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे. ही मांडणी मरेने मॅकलॅरन एफ-वनमध्येही केली होती. मधे बसल्यावर डावीकडचं आणि उजवीकडचं चाक सारख्याच अंतरावर असतं, अंदाज चुकत नाही. समोर मोठा, खरा काट्याचा टॅकोमीटर. हाताशी सहा गिअरची दांडी, पायाशी क्लच. स्टीअरिंगला मदत मिळते ती फक्त गाडी पार्क करताना, एकदा वेग घेतला की रस्ता थेट हाताला कळतो. सामान ठेवायला जागा आहे, गाणी ऐकायला साउंड सिस्टीम आहे. थोडक्यात, या गाडीने दोन मित्रांना घेऊन डोंगरात चार दिवस फिरून येता येतं. व्हॅल्कायरीने तसं करायला गेलात तर दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टकडे जावं लागेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ट्रॅकवर घड्याळ लावलं तर व्हॅल्कायरी पुढे राहील, यात शंका घ्यायला जागा नाही. पण तिची ती ताकद रस्त्यावर वापरायला मिळत नाही. बोगद्यांतला दाब तयार व्हायला जो वेग लागतो, तो कुठल्याच सार्वजनिक रस्त्यावर कायद्यात बसत नाही. टी.५० मात्र मध्यम वेगातही गिअर टाकण्याची, इंजिन चढवण्याची, वळणाची मजा देऊ शकते. नुसत्या चालवण्याच्या हिशेबात, विकत घेऊन रस्त्यावर नेणाऱ्यासाठी टी.५० उजवी ठरते.

आता पैशाची गोष्ट

टी.५० ची किंमत २३ लाख ६० हजार पौंड, तीही कर सोडून. व्हॅल्कायरी सुमारे २५ लाख पौंडांची. रुपयांत दोन्ही पंचवीस ते तीस कोटींच्या मध्ये कुठेतरी. पण एवढे पैसे असूनही शोरूममध्ये जाऊन गाडी आणता येत नाही. आधी भरभक्कम रक्कम गुंतवायची, मग वर्षानुवर्षं वाट पाहायची. व्हॅल्कायरी जाहीर झाली २०१६ मध्ये आणि ग्राहकासाठीची पहिली गाडी तयार झाली नोव्हेंबर २०२१ मध्ये. टी.५० च्या ग्राहकांच्या गाड्या यायला २०२३ उजाडलं. ज्यांनी पैसे भरले त्यांनी गाडी नाही, तर एका माणसाच्या शब्दावर विश्वास विकत घेतला होता.

दुर्मीळतेतही फरक आहे. टी.५० फक्त १००, शिवाय केवळ ट्रॅकसाठीच्या २५, ज्यांना निकी लाउडाचं नाव दिलं आहे. व्हॅल्कायरी १५०, उघड्या छताची स्पायडर ८५ आणि ट्रॅकसाठीची एएमआर प्रो ४०, म्हणजे एकूण २७५. तरी नुसत्या आकड्याने भाव ठरत नाही. मॅकलॅरन एफ-वन एकूण १०६ झाल्या, पण नव्वदच्या दशकात त्या खपवताना कंपनीला घाम फुटला होता. मूळ बेत तीनशेच्या आसपास गाड्यांचा होता! आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पेबल बीचच्या लिलावात त्यातलीच एक २ कोटी डॉलरच्या वर गेली.

जमवणाऱ्यांना छळणारा खरा प्रश्न वेगळाच आहे: तीस वर्षांनी ही गाडी सुरू होईल का? मॅकलॅरन एफ-वनच्या संगणकाशी बोलण्यासाठी कंपनीचे तंत्रज्ञ नव्वदच्या दशकातला एक जुनाट कॉम्पॅक लॅपटॉप सांभाळून होते, कारण नव्या लॅपटॉपला ती भाषाच येत नव्हती. कोट्यवधींची गाडी आणि तिचा जीव भंगारात जाण्याच्या वयाच्या लॅपटॉपमध्ये! व्हॅल्कायरीत हायब्रिड बॅटरी आहे, तिची नियंत्रण यंत्रणा आहे, कॅमेरे आणि पडदे आहेत. बॅटरी म्हातारी होते, चिप बनणं बंद होतं. टी.५० मध्येही इलेक्ट्रॉनिक्स आहेतच, पण गिअरबॉक्स हाताचा, क्लच पायाचा आणि हायब्रिड यंत्रणा नाही. पुढच्या पिढीतल्या मेकॅनिकला यातली कुठली गाडी जिवंत ठेवणं सोपं जाईल, याचा अंदाज बांधायला फार अभ्यास लागत नाही.

व्हॅल्कायरीची बाजू मात्र एका बाबतीत भक्कम झाली आहे. २०२५ मध्ये तिची शर्यतीची आवृत्ती ले मान्सच्या २४ तासांच्या स्पर्धेत उतरली, हायब्रिड मोटर काढून, निव्वळ व्ही-१२ वर. जिंकली नाही, पण दोन्ही गाड्यांनी शर्यत पूर्ण केली. शर्यतीचा इतिहास असलेल्या गाडीला जमवणारे नेहमीच जास्त मान देतात. टी.५० कडे अशी शर्यत नाही. तिच्याकडे मरेचं नाव आहे, आणि ते नावही कमी किमतीचं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्याच कंपनीची एस-वन एलएम ही नवी कोरी गाडी लास व्हेगासच्या लिलावात २ कोटी डॉलरहून जास्त किमतीला गेली.

अशी इंजिनं पुन्हा होतील का? ब्रिटनमध्ये २०३० नंतर नव्या निव्वळ पेट्रोल-डिझेल गाड्या विकायला बंदी येणार आहे. मोजक्याच गाड्या बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांना एप्रिल २०२५ मध्ये सरकारने त्यातून सूट दिली. म्हणजे दार पूर्ण बंद झालेलं नाही. पण बारा हजार फेऱ्यांचं नवं इंजिन कोऱ्या कागदावरून बनवण्याचा खर्च शंभर-दीडशे ग्राहकांवर वाटणं प्रत्येकाला जमणारं नाही.

शेवटी राहतो तो वापराचा प्रश्न. या गाड्यांचे बरेचसे मालक त्या वातानुकूलित खोलीत झाकून ठेवतात, कारण मीटर वाढला की भाव उतरतो असा समज आहे. अमेरिकेत तर टी.५० येते ती एका खास सवलतीखाली, ज्यात वर्षाला २,५०० मैलांपेक्षा जास्त चालवायची परवानगीच नाही. म्हणजे जेमतेम ४,००० किलोमीटर. ऐकायला फारच कमी वाटतं. पण मिस्टर बीनचा हिशेब लावून बघा: अठरा वर्षांत ४१,००० मैल, म्हणजे वर्षाला २,३०० मैलसुद्धा नाहीत. झाडाला धडकून, दुरुस्त होऊन, मनसोक्त पळूनही ती गाडी त्या अमेरिकी मर्यादेत आरामात बसली असती.